बारीपाडा: पावसाळ्यात नको, एप्रिलात जा. आणि जीपचं भाडं आधी ठरवा

बारीपाडा हे धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं, स्वतःचं जंगल राखणारं आदिवासी गाव. सुरुवात भाड्यापासूनच करतो, कारण राग अजून उतरलेला नाही. धुळ्याहून साक्री आणि साक्रीहून पिंपळनेर हा प्रवास एसटीने सुरळीत झाला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. खरी गोष्ट पिंपळनेरच्या पुढे. स्टँडजवळच्या एका जीपवाल्याने "रस्ता खराब शे दादा, पुढे गाडी लागत नही" म्हणत पंधराशे मागितले. रस्ता डांबरी निघाला, वळणाचा पण धड. माझ्याच बाकावरच्या मावशी त्याच जीपमध्ये नेहमीच्या सीटच्या भाड्यात उतरल्या. पाठीवर सॅक दिसली की भाव बदलतो एवढं लक्षात ठेवा. सकाळच्या सीटच्या गाडीत बसा आणि परतीची वेळ त्याच ड्रायव्हरकडून पक्की करून घ्या, कारण दुपारनंतर गाडीचा भरवसा नाही.

दुसरी फसवणूक फोनवरच्या व्हिडिओंची. हिरवंगार जंगल, वनभाज्यांची ताटं, ढोल. ते सगळं खरं आहे. २००४ पासून इथे वनभाज्यांची स्पर्धा भरते आणि कंटोली, भारंगी, तेरा, बांबूचे कोंब एका ओळीत मांडलेले पाहायला मिळतात. पण पावसाळ्यात खानदेशातली उघडी टेकडीसुद्धा हिरवी दिसते. राखलेलं जंगल आणि न राखलेलं जंगल यांतला फरक बघायचा असेल तर एप्रिल-मे गाठा. साक्रीच्या आसपासचे बोडके डोंगर डोळ्यांत राहू द्या आणि मग इथल्या विहिरीत डोकवा. पाणी असतं.

माझ्या मते बघण्यासारखं तेवढंच आहे. जंगलावर पोट भरतात म्हणजे मोहफुलं आणि मध विकतात, असं डोक्यात धरून गेलो होतो. प्रत्यक्षात मोठा पैसा जंगलाच्या खाली, शेतात आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला याच गावचे चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली, साधारण ११०० एकर जंगल राखलं, उतारावर चर खणले, नाल्यांवर बांध घातले. पाणी मुरलं आणि खाली भात झाला, त्यावर दुसरं पीकही निघू लागलं. ऊसतोडीला आणि मजुरीला गाव सोडून जाणं थांबलं. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा सगळ्यांनी झाडांचे फोटो टाकले. मी विहिरीचा टाकला असता.

आता तो उतार. जंगलात वरपर्यंत जायचंच असेल तर नीट वाचा. एप्रिलात सागाची पानगळ झालेली असते आणि वाळलेली मोठी पानं मुरमावर थर करून पडतात. त्यावर बूट असा सरकतो की काही विचारू नका. त्यात समतल चर, म्हणजे पाणी मुरवायला उतारावर आडवे खणलेले ते चर, पानांनी बुजलेले, वरून सपाट दिसतं आणि पाय गुडघ्यापर्यंत आत. माझा घोटा दोनदा मुरगळता मुरगळता राहिला. सोबतचा गावातला पोरगा साध्या चपलेत पुढे चालला होता, तोही बोलत बोलत. उतरताना आडवं, चराच्या कडेकडेने चला. काठी घ्या, पण तिथली फांदी तोडून नाही! दंड होतो आणि तो व्हायलाच हवा. विडी-सिगारेट खालीच ठेवून जा. पानांचा तो थर एका काडीने पेटेल.

मोहफुलं बघायची तर उजाडताच निघा. फुलं पहाटे गळतात, ऊन चढेपर्यंत वेचणी आटोपलेली असते. बऱ्याच ठिकाणी वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि वणवे तिथूनच लागतात. चारोळीचं तर त्याहून वाईट. जंगल कुणाचंच नसेल तर प्रत्येकाला भीती, की मी नाही तोडलं तर दुसरा नेईल. मग कच्चीच फळं ओरबाडली जातात, फांद्यांसकट. गावाने तोडणीचा दिवस ठरवला की फळ पिकतं. बी जात्यावर फोडून गर काढला की भाव कितीतरी वाढतो. व्यापाऱ्याला ही फोडलेली चारोळी हवी असते, पण पैसे तो न फोडलेल्या बीचे देऊ पाहतो.

तुमच्याही गावाला जंगल लागून असेल तर इथून फोटोंपेक्षा ही माहिती घेऊन जा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ग्रामसभा सामूहिक वनसंपत्तीच्या संरक्षणाचा आणि व्यवस्थापनाचा हक्क मागू शकते. त्याचा दावा नमुना 'क' (इंग्रजीत Form C) वर करायचा, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हास्तरीय समिती देते. बांबू, मोह, तेंदू, मध, डिंक हे सगळं गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल. २०१२ च्या सुधारित नियमांमुळे त्याच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेची समितीच देते. या सामूहिक हक्कातली जमीन मात्र विकता येत नाही, कुणा एकाच्या नावावर होत नाही. ज्यांना ती नावावर होते असं वाटतं त्यांनी आधी हे वाचावं आणि मग भांडावं. सहीचा कागद हातात आला म्हणून रात्री राखणीला कुणी जात नाही, ती पाळी गावालाच लावावी लागते. कागद येण्याच्या कितीतरी आधी बारीपाड्याने ती लावली होती.

जेवण नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ. पोटभर, झकास, तक्रार नाही. मुक्काम करायचा तर आधी फोन करून विचारा, ते हॉटेल नव्हे. धबधबा, बोटिंग, सेल्फी पॉइंट शोधत असाल तर सरळ तोरणमाळला जा, तिथे तलाव आहे.