निलंबनकाळ आणि निर्वाह भत्त्याचे अडलेले देयक : माझा अनुभव

निलंबनाचा आदेश हातात पडल्यापासून पुन्हा कामावर रुजू होईपर्यंतचे बरेच काही आता मागे पडले आहे. निलंबनात पगाराऐवजी मिळणाऱ्या निर्वाह भत्त्यासाठी माझ्याच कार्यालयाने मला जे ताटकळत ठेवले, त्याचा राग मात्र अजून गेलेला नाही. ज्यांच्यावर आज ही वेळ आली आहे, त्यांना तरी पुढचे आधी ठाऊक असावे म्हणून हे लिहीत आहे.

मी मुंबईतील एका राज्य शासकीय कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. खरेदीच्या एका प्रकरणात चौकशी लागली आणि त्या नस्तीवर (फाइलवर) ज्यांच्या सह्या होत्या, त्या आम्हा सर्वांना महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 मधील नियम 4 खाली निलंबित करण्यात आले. निलंबन ही शिक्षा नव्हे, हे मला कागदावर माहीत होते; तरी भांडुपच्या आमच्या चाळीत सकाळी डबा न घेता घरी थांबलेल्या बाईकडे लोक कसे पाहतात, ते तेव्हा कळले. शेजारच्या काकूंना मी पहिल्याच आठवड्यात खरे काय ते सांगून टाकले, आणि तसे केल्यामुळे पुढे पुष्कळ मनस्ताप वाचला.

आदेशात मुख्यालय मुंबई ठेवले होते आणि पूर्वपरवानगीशिवाय ते सोडू नये, असेही लिहिले होते. निर्वाह भत्ता अनुज्ञेय राहील, हेही त्यातच होते. निलंबनकाळातील प्रदानांबाबतच्या महाराष्ट्र नागरी सेवा नियम, 1981 मधील नियम 68 प्रमाणे पहिले तीन महिने अर्धवेतनी रजेवर मिळेल तेवढी रक्कम आणि तिच्यावरील महागाई भत्ता मिळतो. त्यासाठी आपण दुसरीकडे नोकरी किंवा धंदा करीत नसल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. हे प्रमाणपत्र आपले आपणच लिहून द्यायचे असते. म्हणजे खरे तर एका साध्या कागदाचे काम.

महिना संपताच मी ते दिले. लेखा शाखेने ते आस्थापना शाखेमार्फत यावे, असे सांगितले. आस्थापना शाखेने ठेवून घेतले, पण पुढे पाठवले नाही, कारण प्रमाणपत्र कोणत्या नमुन्यात घ्यायचे यावर अधीक्षकांचा निर्णय व्हायचा होता. अधीक्षक प्रशिक्षणाला गेले होते. ते परतल्यावर नमुना ठरला आणि मी त्या नमुन्यात पुन्हा लिहून दिले. तोवर दुसरा महिना सुरू झाला होता, म्हणून त्याही महिन्याचे प्रमाणपत्र सोबत जोडा, अशी मागणी आली. न संपलेल्या महिन्याचे प्रमाणपत्र मी कसे देणार, याचे उत्तर कोणी दिले नाही. विचारायला गेले की एकच वाक्य ऐकू येई, “मॅडम, टिपणी वर गेली आहे, आली की बघू.” त्याच मेजावर वर्षानुवर्षे बसून मी इतरांची वेतन देयके वेळेवर तयार केली होती, म्हणून ते वाक्य मला फार लागले. सेवार्थ या शासनाच्या ऑनलाइन वेतन प्रणालीत मला निलंबित दाखवण्याची नोंद ताबडतोब झाली, पण भत्त्याचे देयक काढण्याची तत्परता कोणी दाखवली नाही. मुलीच्या महाविद्यालयाचे शुल्क बहिणीकडून उसने आणावे लागले.

शेवटी मी तोंडी विचारणे सोडले. प्रत्येक महिन्याचे प्रमाणपत्र अर्जासह आवक शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, क्रमांक आणि दिनांक घ्यायला लागले. त्यानंतर कार्यालय प्रमुखांना सविस्तर निवेदन दिले आणि त्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निर्णयांचा उल्लेख केला. 1983 मध्ये, महाराष्ट्राच्याच एका प्रकरणात, फौजदारी खटल्यातील शिक्षेविरुद्ध अपील प्रलंबित असताना निलंबित कर्मचाऱ्याला महिना एक रुपया भत्ता देणारी तरतूद न्यायालयाने रद्द केली. 1999 च्या कॅप्टन पॉल अँथनी प्रकरणात, भत्ता न मिळाल्याने कर्मचारी चौकशीला हजर राहू शकला नाही, ही बाब त्याच्या विरोधातील चौकशी सदोष ठरण्याचे एक कारण मानली गेली. या निवेदनानंतर थकबाकीसह देयक निघाले. पैसे खात्यात आले त्या दिवशी मला जितके हलके वाटले, तितके पुढे पुनःस्थापनेच्या, म्हणजे पुन्हा कामावर घेण्याच्या, आदेशानेही वाटले नाही.

तीन महिन्यांनंतर भत्त्याचा फेरविचार करावा लागतो आणि निलंबन आपल्यामुळे लांबलेले नसेल, तर त्यात पहिल्या रकमेच्या निम्म्यापर्यंत भर घालता येते. आमच्याकडे हे आपोआप झाले नाही. अर्ज केला तेव्हाच झाले. विम्याच्या किंवा पतसंस्थेच्या हप्त्यांच्या कपातीला लेखी संमती देण्यापूर्वी घरखर्चाचा हिशेब नीट मांडावा. हे मला कोणीतरी आधी सांगायला हवे होते, कारण संमतीचा कागद पहिल्याच भेटीत पुढे केला जातो.

दोषारोपपत्र, माझे उत्तर आणि चौकशी अधिकाऱ्यांसमोरील सुनावण्या या गोष्टी रीतसर पार पडल्या. सेवानिवृत्त सहकारी बचाव सहायक म्हणून मिळाले आणि मूळ नस्तीची पाहणी त्यांनी माझ्याबरोबर बसून केली. सासूबाईंच्या आजारपणात कणकवलीला जाण्याची परवानगीही लेखी अर्जावर मिळाली.

निलंबनाविरुद्ध अपील करायचे असेल, तर 45 दिवसांची मुदत असते. शिवाय दोषारोपपत्राविना निलंबन 90 दिवसांपुढे नेऊ नये, या अजय कुमार चौधरी प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या 2015 च्या निर्णयाला अनुसरून राज्य शासनाने 9 जुलै 2019 रोजी शासन निर्णय काढलेला आहे. 90 दिवसांत दोषारोपपत्र बजावले गेले नाही, तर त्याचा हवाला देऊन पुनःस्थापनेसाठी अर्ज करावा. रुजू झाल्यावरही काम संपत नाही. निलंबनाचा काळ कर्तव्यकाळ धरायचा की नाही, याचा आदेश सक्षम प्राधिकाऱ्याने काढावा लागतो, आणि वेतनवाढ व सेवापुस्तकातील नोंद त्यावर अवलंबून असते. चौकशीतून दोषमुक्त होताच मी त्यासाठी अर्ज दिला आणि अर्थातच त्याच्या प्रतीवरही आवक क्रमांक घेतला.