हॉप्सची सुगी आणि गुळाची काहील

सप्टेंबर लागला की सिॲटलमध्ये घरी बिअर करणाऱ्यांचे डोळे याकिमा खोऱ्याकडं लागतात. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीवरची फुलं. अमेरिकेतले जवळपास तीन चतुर्थांश हॉप्स वॉशिंग्टन राज्यात पिकतात, त्यातही बहुतेक याकिमात. आमच्यापासून कॅस्केड पर्वत ओलांडला की दोन-अडीच तासांवर. एरवी हॉप्स वाळवून वर्षभर वापरतात. तोडणीच्या दिवसांत मात्र वेलीवरचे ओले हॉप्स थेट भांड्यात टाकता येतात. त्यात ८० टक्के पाणीच असतं, म्हणून वाळलेल्यांच्या चार-पाचपट वजनानं घ्यावे लागतात, आणि २४ तासांच्या आत वापरलेले बरे. तोडलेला ऊस फडात ताटकळला की उतारा घटतो, हे करवीर तालुक्यात वाढलेल्याला वेगळं सांगायला नको. पहाटे गाडी काढायची, दुपारी परत, संध्याकाळी भांडं शेगडीवर.

हे सगळं गुऱ्हाळासारखंच चालतं. बार्लीचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, भरडून साधारण ६६ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं की त्यातल्या स्टार्चची साखर होते. तो गोड रस गाळून उकळायला ठेवायचा. उकळी फुटता फुटता वर तपकिरी, दाट फेस चढतो. जरा नजर हटली की शेगडीभर चिकट राडा. व्हिडिओ कॉलवर हे बघून गावाकडच्या आप्पांनी पहिलं काय विचारावं? "मळी काढलीस का न्हाई?"

काहिलीत रानभेंडीचं चिकट पाणी टाकलं की घाण वर येते. इथं उकळीच्या शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत आयरिश मॉस नावाचं समुद्री शेवाळ टाकतात. त्यानं प्रथिनांचे गोळे होतात आणि रस थंड झाल्यावर तळाशी बसतात. आप्पांना हे पटलं नाही. "वर येऊ दे की. तळातलं काढणार कसं?" काढायचंच नाही, वरचा रस नळीनं ओढून घ्यायचा आणि गाळ तिथंच सोडायचा, असं सांगितलं. "मग निम्मं वाया!" इतकं जात नाही, पण गुळव्याच्या हिशेबात थेंबही वाया जाता कामा नये.

पुढं मात्र वाटा फुटतात. रस झटपट वीस अंशांच्या आसपास आणून त्यात आंबवणारं यीस्ट घालायचं, आणि त्याला शिवणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी. शरद ऋतूत तळघर आपोआप १७-१८ अंशांवर येतं, एल प्रकारच्या बिअरच्या यीस्टला तेच मानवतं. उन्हाळ्यात ते चेकाळतं आणि बिअरला थिनरसारखा वास मारतो. बव्हेरियात तर १५५३ मध्ये फर्मानच निघालं होतं: २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर बनवायची नाही. म्हणून मार्चमध्ये कडक बिअर करून गार तळघरात ठेवत आणि शरदापर्यंत पुरवत. मेर्झेन म्हणतात ती हीच.

या दिवसांत इथं भोपळ्याच्या बिअरचाही सुळसुळाट असतो. भोपळा नावालाच, चव सगळी दालचिनी, जायफळ, लवंगेची. कांदा-लसूण चटणीवर पोसलेल्या माझ्या जिभेला ती मिळमिळीत वाटते.

मी त्यापेक्षा गूळ घालतो, वीस लिटरला अर्धा किलो. उकळी संपता संपता घातला तर वास राहतो. गोडवा मात्र उरत नाही, जवळजवळ सगळा यीस्ट खाऊन टाकतं. बिअर उलट हलकी आणि थोडी चढी होते. मागं राहते ती गुळाची किंचित खारट, मातकट चव. केमिकलचा पिवळाधमक गूळ घेऊ नका, काळपट घ्या.

घ्या म्हणजे इथं राहणाऱ्यांनी. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे, तेव्हा भावांनो, वाचून सोडून द्या. अमेरिकेतही १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी सही केली तेव्हा कुठं मोकळीक मिळाली. आता दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर चालते, विकायची नाही.

ओल्या हॉप्सचा वास फार टिकत नाही, त्यामुळं बाटल्या दिवाळीतच संपवायच्या. चिवड्याबरोबर झकास लागते. अनारशाबरोबर अजिबात नाही.