ट्रान्सनिस्ट्रिया आणि नंबरप्लेटची गोष्ट

ट्रान्सनिस्ट्रियाबद्दल कुठेही वाचा, एक वाक्य हमखास येतं, की एवढी वर्षं चर्चेचं गुऱ्हाळ चाललं आणि हाती काय लागलं? मला हे अजिबात पटत नाही.

मोल्दोव्हातली नीस्टर नदी आणि युक्रेनची हद्द यांच्यामधली ही चिंचोळी पट्टी, १९९० मध्ये वेगळी झाली, १९९२ मध्ये मोल्दोव्हाशी लढाई झाली, जुलैमध्ये युद्धबंदी, आणि तेव्हापासून सगळं जिथल्या तिथे. स्वतःचं चलन आहे, पासपोर्ट आहेत, पण युनोतल्या एकाही देशाची मान्यता नाही. रशियाने १९९९ मध्ये इस्तंबूलला तिथलं आपलं सैन्य काढून घेतो म्हणून कबूल केलं, ते सैन्य अजून तिथेच आहे. २००३ मध्ये रशियाने मांडलेला तोडग्याचा ‘कोझाक मसुदा’ सहीपर्यंत आला आणि ऐनवेळी मोल्दोव्हाचे अध्यक्ष व्होरोनिन यांनी नकार दिला (माझ्या मते बरोबरच केलं, त्या मसुद्यात ट्रान्सनिस्ट्रियाला जवळजवळ व्हेटोच मिळत होता).

मग ‘५+२’ नावाची चर्चा. मोल्दोव्हा, ट्रान्सनिस्ट्रिया, रशिया, युक्रेन आणि ओएससीई (युरोपातल्या सुरक्षेसाठीची आंतरराष्ट्रीय संघटना) हे पाच टेबलावर, युरोपियन युनियन आणि अमेरिका निरीक्षक म्हणून. ट्रान्सनिस्ट्रियाला दर्जा काय द्यायचा हा मुख्य प्रश्न तसाच लोंबकळत राहिला, पण २०१७-१८ मध्ये जे झालं ते बघा ना. ट्रान्सनिस्ट्रियाच्या गाड्यांना मोल्दोव्हाबाहेर फिरता यावं म्हणून अशी नंबरप्लेट ठरवली की तिच्यावर दोन्हीपैकी कोणाचाच झेंडा नाही, आणि ती द्यायला ट्रान्सनिस्ट्रियाची राजधानी तिरास्पोल आणि तिथल्याच रिब्नित्सा शहरात ऑफिसं उघडली. तिथल्या युनिव्हर्सिटीच्या डिग्रीला परदेशात चालेल असा शिक्का मिळायची सोय झाली. नीस्टरवरचा गुरा बिकुलुईचा पूल १९९२ मध्ये उडवलेला, २००१ ला दुरुस्तही झालेला, तरी गाड्यांसाठी उघडायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला! तयार पूल सोळा वर्षं नुसता पडून, कारण उघडायचा कोणी आणि कुठल्या अटीवर हेच ठरत नव्हतं. आणि ते शेवटी ठरलं ते बोलण्यातूनच ना?

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रातिस्लाव्हाला ‘५+२’ ची शेवटची बैठक झाली, नंतर युक्रेन युद्ध, आता रशिया आणि युक्रेन एका टेबलावर बसणार कसे. २०२५ च्या जानेवारीत रशियन गॅस बंद झाला आणि ऐन थंडीत तिथल्या घरांची हीटिंग गेली. म्हणून म्हणते, मोठ्यांचं जमेल तेव्हा जमेल, किशिनाव (मोल्दोव्हाची राजधानी) आणि तिरास्पोलने आपसात बोलणं सोडू नये, गॅस, औषधं, शाळा यावर तरी.