खोबऱ्याचं तेल

"दीदी, फिर से दूध आ गया." वॉर्डबॉयचा फोन आला तेव्हा कॅन्टीनमध्ये माझी पोह्यांची प्लेट अर्धीच झाली होती. ती तशीच सोडून उठले. दूध म्हणजे सोळा नंबरचे काका.

काका इंदूरच्या रामबागेतले. थायरॉइडच्या कॅन्सरचं ऑपरेशन, मानेच्या डाव्या बाजूच्या गाठीही काढलेल्या. पहिले दोन दिवस ड्रेनमध्ये, म्हणजे जखमेतलं पाणी नळीवाटे साठवणाऱ्या डबीत, लालसर पाणी येत होतं. मग एका रात्री काका पोटभर जेवले आणि सकाळी डबी पांढरीफटक. पू झाला म्हणून काकू रडायलाच लागल्या. पू नव्हताच तो. वरणभातावरचं तूप होतं!

तूप पोटात गेलं की पित्तामुळे त्याचे बारीक थेंब होतात, स्वादुपिंडातलं लायपेज ते तोडतं आणि लहान आतड्याच्या पेशी ते तुकडे आत ओढतात. आत नेऊन पुन्हा जोडतात, हे मला अजूनही नवलाचं वाटतं. जोडलेल्या चरबीवर प्रथिनांचं वेष्टण चढवून जे गोळे होतात ते कायलोमायक्रॉन. रक्ताच्या केशवाहिन्यांत शिरायला ते फार मोठे. म्हणून ते लसिकेच्या (लिम्फच्या) वाटेनं, थोरॅसिक डक्ट नावाच्या नळीतून छातीत वर चढतात आणि मानेच्या डाव्या बाजूला, गळ्याच्या मुळाशी शिरेत उतरतात. काकांची नळी नेमकी तिथंच दुखावली होती. गास्पारे आसेल्ली या इटालियन शरीरशास्त्रज्ञाला 1622 साली लसिकेच्या या पांढऱ्या वाहिन्या दिसल्या, त्याही नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याच्या पोटात.

मी तूप, तेल, शेव सगळं बंद केलं. इंदूरच्या माणसाला बिनशेवेचे पोहे द्यायचे म्हणजे शिक्षाच, पण काका निमूट खायचे. वर चमच्यानं मोजून एमसीटी तेल, म्हणजे मध्यम लांबीच्या मेदाम्लांचं औषधी तेल. त्यातली आम्लं 8 ते 10 कार्बनची, आखूड; ती गोळ्यांच्या भानगडीत न पडता थेट पोर्टल शिरेतून यकृतात जातात. चार दिवसांत डबीतलं पाणी फिकट पिवळं झालं, रोज थोडं कमीही.

आणि आज हे.

"काकू, काल काय दिलंत?"

"काही नाही गं. तुझंच तेल." त्यांनी पिशवीतून स्टीलची बरणी काढली. झाकण उघडताच वास आला. "ती बाटली संपली, काल रविवार, मेडिकल बंद. तूच म्हणालीस ना, खोबऱ्यापासूनच काढतात? मग घरचं घातलं. घाण्याचं आहे, शुद्ध."

म्हणाले होते खरी. औषधी तेल म्हटल्यावर काकूंनी नाक मुरडलं होतं, तेव्हा त्यांना पटावं म्हणून. पुढचं मात्र सांगितलं नाही. खोबऱ्याच्या तेलात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं, 12 कार्बनचं, आणि त्यातलं पुष्कळसं लसिकेच्याच वाटेला लागतं. त्याहून लांब आम्लंही असतात. आम्हाला हवी ती 8-10 वाली जेमतेम सातवा-आठवा हिस्सा. एमसीटी म्हणजे तेवढीच वेगळी काढलेली. बरणीत नाक खुपसून हे काकूंना कसं कळावं?

राउंडला सरांना सांगितलं, "सर, घोळ माझ्या बोलण्यामुळे झालाय." ते डबीकडे बघत एवढंच म्हणाले, "दुसरी बाटली मागवा आधी."

बाटली मागवली. मग कागदावर ठळक अक्षरांत "खोबऱ्याचं तेल नाही" लिहून खाटेला चिकटवलं, वॉर्डबॉयसाठी खाली हिंदीतही. काकांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला.

"यात शेवेचं काही लिहिलेलं नाही," ते म्हणाले.

मी पेन पुन्हा बाहेर काढलं.