वेरूळला फोटो काढायचेत? मग दुपारी जा

वेरूळच्या लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत. तिथं मनासारखे फोटो हवे असतील तर कॅमेरा कोणता, लेन्स कोणती हे सगळं नंतर. आधी ही दिशा लक्षात ठेवायची. संभाजीनगरहून अंतर जेमतेम तीस किलोमीटर, म्हणून बहुतेक मंडळी सकाळीच निघतात आणि लेण्यांचा दर्शनी भाग डोंगराच्या सावलीत असतो नेमके तेव्हा तिथं पोचतात. आम्ही डिसेंबरात गेलो तेव्हा क्रम उलटा लावला. सकाळी घृष्णेश्वराचं दर्शन, मग निवांत जेवण, आणि ऊन कलायला लागल्यावर लेणी. (मंगळवारी लेणी बंद असतात, तेवढं बघून निघा.)

आधी दहावं, बौद्ध लेणं गाठलं. गावातले लोक याला ‘सुतार की झोपडी’ म्हणतात. लाकडी वाशांसारख्या फासळ्या छताच्या कातळात कोरल्या आहेत, आणि दुपारनंतर समोरच्या गवाक्षातून उजेड आत येतो. इथं फ्लॅश अजिबात नको. समोरून झगझगीत प्रकाश पडला की बुद्धाच्या चेहऱ्यावरच्या सावल्या पुसल्या जातात आणि मूर्ती सपाट दिसते. ट्रायपॉड नव्हताच. त्यामुळे मी खांबाला पाठ टेकवली, कोपरं पोटाशी घट्ट धरली, आयएसओ (कॅमेरा उजेड किती चटकन टिपतो, तो आकडा) १६०० वर नेला आणि श्वास सोडता सोडता बटण दाबलं. असं केलं की शटर १/३० सेकंद उघडं राहिलं तरी हात हलत नाही.

मग कैलास मंदिर. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं हे काम, आणि तेही वरून खाली खोदत आणलेलं. म्हणून आत शिरण्याआधी बाजूच्या पायवाटेनं डोंगरावर चढावं. वरून मंडपाच्या छतावरचे सिंह दिसतात, आणि सभोवतीचा उभा कापलेला कातळही. हे देऊळ रचलेलं नाही, कोरून काढलेलं आहे, हे एकाच फोटोत सांगायचं असेल तर जागा हीच. कडेला जपून मात्र. फोटोच्या नादात पावलाकडे लक्ष राहत नाही.

इथल्या बेसाल्ट दगडाच्या काळेपणामुळे कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, मग तो सगळंच उजळतो; दगड राखाडी होतो, आकाश पांढरंफटक पडतं. उपाय सोपा आहे. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, थोडं खाली आणायचं. मोबाईलवर उजेडातल्या भागावर बोट टेकवून सूर्याचं चिन्ह खाली ओढलं तरी काम होतं. कलत्या उन्हात दगड काळाच राहिला आणि ध्वजस्तंभावरची नक्षी उठून आली.

आवारात सहलीची मुलं होती, गर्दी होती. लोक बाजूला होण्याची वाट बघत बसणं मला पटत नाही. माणूस चौकटीत असल्याशिवाय या देवळाची उंची कळतच नाही. जोत्यावरच्या हत्तींसमोर एक आजी मान वर करून बघत उभ्या होत्या. ‘आजी, एक फोटो काढू का तुमचा?’ म्हटल्यावर त्यांनी पदर सारखा केला. ‘अशाच बघत राहा वरती,’ असं मी सांगितलं, आणि मग त्यांच्या नातवाच्या मोबाईलवर तिथल्या तिथं फोटो पाठवला. विचारून काढलेल्या फोटोत डोळे वेगळे दिसतात, हे मी कायम बघत आलोय.

देवळाच्या दक्षिण बाजूला रावण कैलास पर्वत हलवतो तो शिल्पपट आहे. तो खोल सावलीत असतो, पण तिथला मऊ उजेडच त्याला मानवतो. रावणाचे हात, वरची घाबरलेली पार्वती, पायाच्या अंगठ्यानं पर्वत दाबून निश्चिंत बसलेला शिव हे एकाच चौकटीत कोंबू नका. आधी सगळा पट घ्या, मग एकेक भाग जवळून.

एवढ्यात सूर्य खाली जातो, आणि सूर्यास्ताला लेणी बंद होतात. बत्तिसाव्या जैन लेण्यातल्या, इंद्रसभेच्या वरच्या मजल्यावरच्या कमळाच्या छतासाठी दुसरी दुपार राखून ठेवा.