तुम्ही विचारलंत म्हणून: पडून राहणाऱ्या नायकाविषयी

'ऑड मॅन आऊट' माझ्या सांगण्यावरून पाहिलेले लोक बहुधा एकच प्रश्न विचारतात: ज्याचा नायक सुरुवातीलाच गोळी लागून पडतो आणि पुढे जवळजवळ काहीच करत नाही, त्या चित्रपटात तुम्हाला एवढे काय दिसते?

कॅरोल रीडच्या या 1947 सालच्या चित्रपटात जॉनी मॅक्वीनने काही करायचेच नाही, जे करायचे ते इतरांनी. तुरुंगातून पळून कित्येक महिने घरात दडून राहिलेला हा भूमिगत संघटनेचा म्होरक्या गिरणी लुटायला बाहेर पडतो, उजेडानेच त्याला भोवळ येते, झटापटीत त्याच्या हातून एक माणूस मरतो आणि तो स्वतः जखमी होऊन साथीदारांच्या धावत्या मोटारीतून रस्त्यावर पडतो. शहर उघडच उत्तर आयर्लंडमधले बेलफास्ट आहे, पण त्याचे नाव घेतलेले नाही. ही गोष्ट कायदा आणि बेकायदा संघटना यांच्या झगड्याची नसून त्यात अवचित ओढल्या गेलेल्या माणसांच्या मनातल्या द्वंद्वाची आहे, असे आरंभीची पाटीच सांगते.

प्रथमोपचार शिकलेल्या दोन बायका, हा गाडीखाली आला असे समजून, त्याला घरी नेतात. जखम गोळीची आहे हे कळताच त्यांच्यात वाद लागतो, कारण पोलिसांकडे द्यावे तर तो फासावर जाणार आणि ठेवून घ्यावे तर आपण अडकणार. ते ऐकून तो आपणच उठून पावसात चालता होतो. पक्षी पाळणाऱ्या शेलला त्याच्यात पैसे दिसतात, फादर टॉमना त्याचा आत्मा हवा असतो, तर चित्रकार ल्यूकीला मरणाऱ्याचे डोळे रंगवायचे असतात (रॉबर्ट न्यूटनने ल्यूकी जरा अतीच रंगवला आहे, हे मान्य). दारूच्या गुत्त्यात मालक त्याला आडोशाच्या कप्प्यात कोंडतो. तिथे टेबलावर सांडलेल्या बिअरच्या प्रत्येक बुडबुड्यात त्याला भेटलेल्यांचे चेहरे बोलू लागतात. जॉनी झालेल्या जेम्स मेसनला इथे चेहऱ्याखेरीज फारसे साधन नाही, आणि ते पुरते.

रीड आणि छायालेखक रॉबर्ट क्रास्कर यांचा 'द थर्ड मॅन' दोन वर्षांनी आला आणि लोकांना तोच अधिक आवडतो. तो अधिक चतुर आहे, पण त्यात कॅथलीन नाही, म्हणजे 'ऑड मॅन आऊट'मध्ये जॉनीला शोधत फिरणारी तरुणी. तीच एक जॉनीवर निरपेक्ष प्रेम करते, असे प्रश्न विचारणारे मला सांगतात. गोदीजवळच्या बर्फात पोलिसांनी घेरल्यावर ती पिस्तूल झाडते, उत्तरादाखल गोळ्या येऊन दोघेही मरणार हे जाणून. म्हणून त्याच्यावर आपापला हक्क सांगणाऱ्यांतून मला तरी तिला वगळता येत नाही.