डोळे दिले, पण नोंद पुरी झाली का?

आमच्या निपाणी-खानापूरकडं पेशंट कधी बेळगावला जातोय, कधी सरळ कोल्हापूर नाहीतर मिरजेला, त्यामुळं नेत्रदानाचा डेटा एकेका राज्यात अडकून चालणारच नाही. अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या २०११ च्या दुरुस्तीत अवयवांबरोबर टिश्यूंची (म्हणजे ऊतींची; डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, त्यातच येतो) पण नॅशनल रजिस्ट्री, म्हणजे देशभराची नोंदवही, आली, फार बरं झालं. पण नुसतं 'इतके डोळे मिळाले' एवढं मला पुरेसं वाटत नाही बघा. किती कॉर्निया खरंच बसवले, किती बाद झाले, का झाले, वर्षभरानं पेशंटला दिसतंय का, हे सगळं पाहिजे. मृत्यूनंतर ६ तासांच्या आत डोळे काढावे लागतात, घरचे रडत रडत पंखा बंद करतात, पापण्या मिटून ओला कापूस ठेवतात, मग फॉर्मवर मृत्यूची आणि डोळे काढल्याची वेळ तरी नीट टाका की, त्याशिवाय उशीर कुठं होतोय ते कसं कळणार?